चहाची गंमत

सून म्हणते, बाबा, या ना बाहेर, हसण्याचं लागलं आहे. मी जाऊन बसतो. टीव्हीवर एक घर असतं. सासू, सून, नवरा, शेजारी. रोज तीच माणसं, रोज नवं भांडण. परवा त्यांच्या पोरीनं दुसऱ्या जातीतला पोरगा घरी आणला आणि त्याला चहा कपात द्यायचा की पेल्यात, यावर सगळं घर अर्धा तास इकडून तिकडं पळत होतं. दिसत नसलेले लोक मागून हसत होते. माझा मुलगा हसला, सून हसली. मी उठून आतल्या खोलीत आलो. त्यांना वाटलं, बाबाला आईची आठवण आली. आठवण येतेच, तिला जाऊन अजून वर्ष झालं नाही. पण मी उठलो ते रडू आलं म्हणून नाही. मला लाज वाटली. असलंच एक घर मी एकेकाळी अकोल्यात चालवलं होतं, आणि ते चालवायला माझं खरं घर विकून खाल्लं होतं.

तेव्हा टीव्ही कोणी ऐकलाही नव्हता. मी अकोल्याच्या एका जिनात कामाला होतो. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. शिक्षण चौथीपर्यंत, काम रोलरवर. रोलरला चामड्याच्या चकत्या असतात, त्यांच्या घासण्यानं कापूस सुटतो. कापूस दिवाळीनंतर यायचा, मग उन्हाळा लागेपर्यंत नाकातोंडात कापूसच कापूस. पावसाळ्यात जिन बंद. आम्हा कायमच्या माणसांना तेवढी रोलर दुरुस्तीची कामं. म्हणून गणपती आमच्या हक्काचे. जिनाच्या भिंतीला लागून आमची लाइन होती, टिनाच्या छताच्या खोल्या एका रांगेत. लाइनीच्या गणपतीपुढं संध्याकाळची आरती झाली की आम्ही गंमत करायचो. नाटक म्हणायची हिंमत नव्हती. नाटक शहरात व्हायचं, तिकीट लावून. आमची ती नुसती गंमत.

गंमतीतलं घर दरवर्षी तेच. एक बुढी सासू, एक सून, आणि दोघींच्या मधात चेपलेला नवरा. सासू करायचा गाठी बांधायच्या प्रेसवरचा एक हमाल, मिशी न काढता, पदर नाकापर्यंत ओढून. नवरा करायचा एक फिटर. सून मी. बायका स्टेजवर येत नसत आणि माझा आवाज तेव्हा बारीक होता. एक वर्षी हुंड्यावर केली. एक वर्षी पोरीला शाळेत घालायचं की नाही यावर. एक वर्षी देवीची लस टोचायला माणूस येतो आणि सासू कणगीत लपते, त्यावर. सरकारचे लोक भोंगा लावून हेच सांगायचे, तेव्हा लाइनीतले लोक खाटा उचलून आत जायचे. पण आमची मिशीवाली बुढी कणगीतून ओरडली, "टोचा बाप्पा, पन आधी त्या सुईची नजर काढा!" आणि दुसऱ्या दिवशी लाइनीतल्या खऱ्या बुढ्या हसत हसत दंड पुढं करून उभ्या राहिल्या. मी पाहिलं आहे. हसून झाल्यावर माणसाला नाही म्हणणं जड जातं. मला याचा गर्व होता, आणि तो काही खोटा नव्हता.

खोटं एवढंच की त्यातलं डोकं माझं नव्हतं. बायकोचं होतं.

ती चांदूर रेल्वेकडच्या एका खेड्यातली. चार माणसांत पदर सावरून गप्प. पण माझी माय बाहेर ओट्यावर जाऊन बसली की भाकर थापता थापता ही आख्खी लाइन त्या चुलीपुढं उभी करायची. जिनाचा चौकीदार मालकाच्या कुत्र्यालाही कसा सलाम ठोकतो, ते ती बसल्या जागी नुसत्या कोपरानं करून दाखवायची. माझ्या घशात घास अडकायचा. मग पुढच्या गणपतीत तोच चौकीदार माझ्या तोंडून यायचा आणि टाळ्या मला. ती बायकांच्या बाजूला बसून ऐकायची. घरी आल्यावर म्हणायची, "माह्याच डोक्याचं बोलले ना तुमी." सुरुवातीला तिला त्यात आनंद होता. नंतर काय झालं ते माहीत असूनही सांगतो, होता.

लाइनीतली शेवटची खोली ज्यांची, ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेलं घर. त्याच्या आधीची खोली आमची. दोन्ही दारांपुढं मधात एक लिंबाचं झाड. त्या घरचा माणूस माझ्याबरोबर रोलरवर. रोलरचं एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. बोलायला मोठा तिखट. एकदा चकत्या बसवता बसवता म्हणाला, "भाऊ, दिवसभर आपुन दोघं एकच कातडं कुरवाळून राहिलो. अन नळावर गेलो का तुह्या घागरीले माह्या घागरीचा वारा चालत नाई. कातडं सोवळं, अन पानी ओवळं?"

मी हसलो. हसण्यापलीकडं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

त्याची बायको माझ्या बायकोहून चार-पाच वर्षांनी मोठी. आमची पहिली पोरगी दिवस भरायच्या आधीच आली, तेव्हा माझी माय निंदणासाठी गावाकडं गेलेली. मी जिनात. त्या बाईनं एकटीनं सगळं निभावलं. माय परत आली, तिनं तिला लुगडं-चोळी दिली, आणि मला सांगितलं, "बायंतपन केलं, मान देला, आता झालं. तिच्या चुलीवरचं काई तोंडात घालाले सांगू नको तुह्या बायकोले." बाळंतपणाला तो हात चालला, चुलीला चालला नाही. हे तेव्हा आमच्यात कोणाला विचित्र वाटत नव्हतं. मलाही नाही.

पण बायकोचं जाणं सुरू झालं. दुपारी माय आडवी झाली की पोरगी कडेवर घेऊन लिंबाखालून पलीकडं. आमच्या घरी चहाचा डबा मायच्या उशाशी असायचा. ती करायची तो चहा म्हणजे गरम पाणी. आमच्या कपांच्या बुडाशी आतून एक गुलाबी फूल रंगवलेलं होतं, आणि बायको म्हणायची, "आत्याबाईच्या चहात त्या फुलाच्या पाकळ्या मोजता येतेत." शेजारणीच्या घरी गवती चहा घातलेला, गुळाचा, काळाभोर चहा. हे ती मला एकट्याला सांगायची.

"रोज जातो मी तिच्याकडं. चहा पेतो. आत्याबाईले सांगसान नोका."

"मी कशाले सांगू?"

"तिथं गेली का मी कोनाची सून नसतो," ती म्हणाली. "अकोल्यात माह्यं माहेर हाय ते."

चहा घेते का, असं त्या घरी तिला कोणी विचारायचं नाही. ती जाऊन बसली की समोर कप यायचा. मग दोघी हसायच्या. आमच्या खोल्यांची भिंत पातळ, सुटीच्या दिवशी मला ते हसणं ऐकू यायचं. काय बोलतात ते कळायचं नाही, पण माझी बायको माझ्यासमोर त्याच्या अर्धंही हसत नव्हती.

त्या वर्षी नळावरून भांडण झालं. शेवटच्या खोलीतल्या आणि पलीकडच्या त्यांच्या वस्तीतल्या घागरी बाजूला मांडायच्या, बाकीच्यांचं भरून झालं की मग त्यांचं, असा रिवाज होता. तिकडच्या एका पोरानं आपली घागर मधातच लावली. ढकलाढकल झाली, घागर फुटली. हप्ताभर लाइनीत कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. आणि गणपती तोंडावर.

आम्ही जिनाच्या ओट्यावर बसलो. फिटर म्हणाला, "यंदा नळावर करू."

सासू करणारा हमाल म्हणाला, "नळावर केलं त डोके फुटतीन बाप्पा. घागर कोनाची, लाथ कोनाची, सगळ्याले मायीत हाय."

"मंग चहावर करू," मी म्हणालो.

एका झटक्यात आलं तोंडात. गोष्ट तयारच होती, रोज भाकरीबरोबर खात होतो मी ती. सासू चहा देत नाही, सून लपून शेजारणीकडं पिते, सासू पकडते. सगळ्यांनी मांड्या थोपटल्या. अडलं एकाच ठिकाणी. शेजारीण कोण करणार? हमाल म्हणाला, "मी सासू होतो तेवढं पुरे. ते काम केलं अन गावाकडं समजलं त माही बायको मले घरात नाई घेनार." फिटरनं मान खाली घातली. पडदा ओढायचं काम शेवटच्या खोलीतल्या माझ्या जोडीदाराकडं असायचं. तो तिथंच बसला होता. सगळ्यांकडं एकदा पाहून म्हणाला, "एवढं काय भेता? मी करतो. पन पुरी बाई नाई. पडद्यातून नुसता हात देतो. कप द्याले हातच लागते ना?"

खूप हसलो आम्ही. किती सोपं झालं, असं वाटलं. त्यानं बायकोच्या हिरव्या बांगड्या तिला न सांगता खिशात घालून आणल्या. मी माझ्या बायकोला काही सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नाही. तिचंच बोलणं ऐकून ती खुश होईल, चारचौघांत तिच्या बाजूनं बोलतो आहे हे तिला एकदम दिसेल, असं मनात होतं. खरंच तसं होतं.

गंमत रंगली. इतकी कधीच रंगली नव्हती.

मी कपाळाला हात लावून म्हणालो, "आत्याबाई, डोकं दुखून राहिलं. घोटभर चहा देता का?"

हमाल म्हणाला, "दुपारी चहा पेल्यानं सून काळी पडते."

"अन सासू?"

"सासू पडूनच रायते."

मग मी लोकांकडं वळलो. "बाप्पा, आमच्या घरचा चहा असा, का कपाच्या बुडाचं गुलाबी फूल पाकळ्यासकट दिसते. अन शेजारनीचा असा, का पेल्यावर मानूस शेजारनीलेच माय म्हनते." टिनावर गारा पडाव्या तसं हसू उठलं. मी पडद्यावर टकटक केली. बांगड्या वाजवत हात बाहेर आला, हातात कप. मी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, एका दमात प्यालो आणि मोठ्यानं म्हणालो, "वा!" कपात गुळाचं पाणी होतं. मग सासू गोमूत्राचा गडू घेऊन माझ्यामागं धावली, नवरा मधात येऊन तोच भिजला, आणि शेवटी सासूचंच डोकं दुखायला लागलं. ती चोरपावलांनी पडद्यापाशी गेली, टकटक केली, कप घेतला, मिशीवरून ओघळ येईपर्यंत प्याली आणि म्हणाली, "वा!"

लाइन उभी राहिली. मी पदर फिरवत वाकलो, तेव्हा बायकांच्या बाजूला नजर गेली. पुढच्या सतरंजीवरून माझी माय उठून चालली होती. बायको पोरीला छातीशी धरून बसली होती, एकटी न हसणारी. आणि मागं लिंबाखाली शेवटच्या खोलीतली ती उभी होती. ती माझ्याकडं पाहत नव्हती, पडद्याकडं पाहत होती.

घरी गेलो तर मायनं चुलीपुढं कप मांडून ठेवला होता.

"हे फूल कोनाच्या कपात हाय?"

"माय, गंमत व्हती ते," मी हसत म्हणालो.

"गंमत तुही. मी इले इचारून राहिली." ती बायकोकडं वळली. "पेली का वं तू तिथं?"

बायको नाही म्हणू शकत होती. कोणी पाहिलं नव्हतं.

"हो, आत्याबाई. रोज पेतो."

माय माझ्याकडं वळली. "अन तू?"

"म्या काहून पेईन?"

खरं तेच होतं. त्या उंबऱ्याच्या आत मी कधी पाय ठेवला नव्हता. जोडीदाराला हाक मारायची तर लिंबाखालून मारायचो. पण बायको माझ्याकडं पाहत होती. आत्ता एवढ्या लोकांसमोर मी तो कप पिऊन 'वा' म्हणून आलो होतो. उद्यापासून पेईन, एवढं म्हणायचं होतं मला. तेवढंच हवं होतं तिला. मी हात धुवायला बाहेर गेलो.

माय त्या दिवसापासून तिच्या हातचं जेवली नाही. कोपऱ्यात शेगडी मांडली, आपलं आपण करायची, आणि का करते ते नळावर सगळ्यांना सांगायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको पलीकडं गेली. मी घरातच होतो, भिंतीला टेकून. आदल्या दिवशीच्या टाळ्यांची नशा उतरली नव्हती.

"बस," शेजारीण म्हणाली. कपाचा आवाज आला नाही.

"मले मायीत नव्हतं वं. पोरीची आन," माझी बायको म्हणाली.

"मले तरी कोठं मायीत व्हतं? मी बांगड्या हुडकून राहिली घरभर. अन बांगड्या तिथं वाजून राहिल्या."

"त्याह्यले मी बोलीन."

"काय बोलशीन? लोक खुश हायेत. सकाळी नळावर दोघी-तिघी म्हने, आमालेबी पाज तुह्या हातचा चहा. हासत म्हने. आली एकबी नाई." मग ती म्हणाली, "हात काढला त्याह्यनं माहा. नुसता हात. मले इचारलं असतं त मी सोता आली असती पडद्याबाहेर. बोलली असती. तोंड नाई का मले?"

माझी बायको रडत होती, ते भिंतीतून कळलं.

"रडू नोको. पन आता तू येत नोको जाऊ. तू आली का लोक दाराशी उभे रायतीन, चहाची गंमत पाह्याले."

बायको घरी आली. पोरीला पाळण्यात घातलं, पीठ मळायला घेतलं. मी काही विचारलं नाही. ऐकलं होतं ना सगळं.

आता पुढचं लिहितो, तेही खरं आहे. त्या गंमतीचा उपयोग झाला. एकट्या गंमतीनं झालं असं नाही. कायदा होता, त्या बाजूची पोरं आता ऐकून घेणारी नव्हती. पण पुढच्या उन्हाळ्यात नळावर घागरी एका रांगेत लागल्या. कोणी कुरकुर केली की दुसरा ओरडायचा, "टकटक करू का पडद्यावर?" आणि कुरकुर करणारा हसून मागं सरायचा. जिनासमोरच्या हॉटेलवाल्यानं खिळ्याला टांगून ठेवलेले वेगळे कप काढून टाकले. आमच्या गंमतीला बोलावणी आली. अमरावतीला एका गणपतीत केली, परतवाड्याला बाजाराच्या दिवशी केली. परतवाड्यात एका पुढाऱ्यानं मला हार घातला आणि भाषणात सुधारक म्हणाला. मी तो हार घरी आणला. बायकोनं सोडून त्याची फुलं देवाला वाहिली.

इतक्या गावांत मी शेजारणीचा चहा प्यालो. दरवेळी गुळाचं पाणी, दरवेळी "वा!" आणि खऱ्या शेजारणीच्या नि माझ्या दारात एका लिंबाची सावली, ती काही मी ओलांडली नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. माय ओट्यावर बसलेली असायची. तिच्या डोळ्यांसमोरून जायचं म्हणजे घरात रोज तमाशा. हे मी तेव्हा स्वतःला सांगायचो. माय होती हे खरं, पण मी तिच्या आड लपलो होतो हेही खरं.

जोडीदारानं दुसऱ्या वर्षी हात दिला नाही. "बायको बांगड्या देत नाई," म्हणाला. नेहमी हसणारा माणूस, ते म्हणताना हसला नाही. आम्ही दुसरा हात शोधला. हात काय, कोणाचाही चालतो.

घरात चुलीपुढची लाइन बंद झाली. बायको भांडली असती तर बरं झालं असतं. भांडली नाही. स्वयंपाक, पोरं, मायचं दुखणं, सगळं नीट. मी जेवायला बसलो की मुद्दाम विचारायचो, "मंग, आज काय झालं लाइनीत?"

"काय व्हनार?"

एकदा फार मागं लागलो तेव्हा म्हणाली, "सांगून काय करू? गनपतीत आयकाले भेटनच." तिच्या आवाजात राग नव्हता. चौकीदाराची नक्कल करायची, तसं सहज म्हणाली. तिचं ते डोकं जागच्या जागी होतं. फक्त ते आता माझ्यासाठी नव्हतं.

तिच्याकडून गोष्टी येणं बंद झालं तसं माझ्या तोंडातून येणंही बंद झालं. पुढच्या वर्षी दारूवर केली, कोणी हसलं नाही. हमाल म्हणाला, "भाऊ, यंदा मीठ कमी पडलं." मी त्याला फिटरचा दोष सांगितला. आणखी दोन वर्षं ओढली आणि मग गंमत बंद पडली.

जोडीदाराला अमरावतीला एका कचेरीत शिपायाची नोकरी लागली. सामान छकड्यात भरलं त्या दिवशी लाइनीतल्या बायका निरोप द्यायला जमल्या. माझी बायको आमच्या दारातच उभी राहिली. शेजारीण जाता जाता थांबली, आमच्या पोरीच्या गालावरून हात फिरवला, "येतो," म्हणाली आणि छकड्यात बसली. बायको तशीच उभी. संध्याकाळी दिवा लावताना म्हणाली, "मले एक डाव अमरावतीले न्या."

"नेतो," मी म्हणालो. मग कापूस आला. मग मायचे गुडघे धरले. मग मुलगा झाला. अकोल्याहून अमरावती किती लांब, सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला. ती अधूनमधून आठवण करायची. मग आठवण करणं तिनं सोडून दिलं.

माय गेली, तिचं वर्षश्राद्ध झालं, आणि मीच म्हणालो, चाल, जाऊन येऊ. आता अडवणारं कोणी नव्हतं, म्हणून मी म्हणालो. बायकोनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. एका डब्यात तिळाच्या पोळ्या घेतल्या. रस्ताभर डबा मांडीवर धरून बसली.

त्यांचं घर दोन खोल्यांचं, कौलारू, पुढं तुरीची दोन झाडं. बाई तांदूळ निवडत बसली होती. केस पांढरे झालेले. बायकोला पाहिलं आणि सूप बाजूला टाकून उठली. "आली का वं!" म्हणाली. तो आवाज मी भिंतीतून ऐकलेला, ओळखला. मग मागं मी दिसलो. ती पदर सारखा करून म्हणाली, "या, बसा."

जोडीदारानं मला खुर्ची दिली. जिनाची, रोलरची, जुन्या माणसांची चौकशी केली. बाई दोघांपुढं पाणी ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "चहा चालते ना तुमाले?"

मला वाटलं मला विचारलं. पण ती बायकोकडंही पाहत होती.

बायको हळूच म्हणाली, "मले काय इचारतं वं?"

"इचारलेलं बरं असते," बाई म्हणाली आणि आत गेली.

चहा आला. काळाभोर, गवती चहाच्या वासाचा. माझ्या हातात कप आला. एवढ्या वर्षांनी, खरा कप, खऱ्या हातातून. मी तो नीट प्यायला पाहिजे होता, हळूहळू, गप बसून. पण हाताला सवय दुसरीच होती. मी मान मागं टाकली, एका दमात प्यालो आणि मोठ्यानं म्हणालो, "वा!"

जोडीदार हसला. "तेच वा, भाऊ! जसंच्या तसं!" जुन्या दिवसांत गेला तो. बाईनं माझ्या हातातून रिकामा कप घेतला आणि आत नेऊन ठेवला. बायकोनं माझ्याकडं पाहिलं नाही. ती कप दोन्ही हातांत धरून अगदी शेवटच्या घोटापर्यंत चहा पीत राहिली, आणि संपल्यावरही कप तसाच धरून बसली.

निघताना मी आणि जोडीदार फाटकापर्यंत पुढं आलो. त्या दोघी दारातच राहिल्या. मी मागं वळून पाहिलं. बाई बोलत होती, माझी बायको ऐकत होती. मग माझी बायको काही तरी म्हणाली आणि बाई तोंडाला पदर लावून हसली. की रडली. लांबून कळलं नाही. बाईनं तिच्या दंडाला धरून तिला आणखी काही सांगितलं. डबा बायकोनं तिथंच ठेवला होता.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "काय म्हने?"

"काई नाई," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

पुढं आम्ही पुष्कळ वर्षं बरोबर काढली. भांडलो, पोरांची लग्नं केली, म्हातारे झालो. त्या दारात काय बोलणं झालं, ते मी तिला अनेकदा विचारलं. ती विषय बदलायची. यंदा दवाखान्यात, शेवटच्या दिवसांत, तिच्या उशाशी बसलो असताना पुन्हा विचारलं. वाटलं, आता तरी सांगेल. तिनं डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं, हसली, आणि ओठ मिटून घेतले.

तिनं बरोबर केलं. सांगितलं असतं, तर आज मी तेही इथं लिहून मोकळा झालो असतो.